कोकणातून हिमवादळ पाहायला आणि टिपायला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दापोली तालुक्यात राहतो. पावसाळ्यात किनाऱ्याचे आणि हिवाळ्यात काश्मीर व हिमाचलमधील बर्फाचे फोटो काढतो. दिवाळी सरली की ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. कोणाला मुलांना बर्फ दाखवायचा असतो, तर कोणी नवा कॅमेरा घेतलेला असतो. सर्वांचे प्रश्न बहुधा तेच असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

महाबळेश्वरलाही बर्फ पडतो, मग इतक्या लांब कशासाठी जायचे?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत जे पांढरे दिसते, ते गोठलेले दव असते. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पानांवर, गाड्यांच्या टपांवर जमलेले दव पहाटे गोठते. त्यासाठी आभाळ मोकळे असावे लागते. हिमवृष्टीला नेमके याच्या उलट, म्हणजे दाट ढग लागतात, कारण हिमकण ढगातच तयार होऊन खाली येतात. वळवाच्या पावसात क्वचित पडणाऱ्या गारा हा तिसराच प्रकार आहे. गारेवर गोठलेल्या पाण्याचे थर चढत जातात, तर हिमकणात वाफेचा थेट स्फटिक होतो. आकाशातून पडणारा बर्फ पाहायचा असेल तर हिमालय गाठल्यावाचून पर्याय नाही.

आपल्याकडे हिवाळा कोरडा असतो. मग तिकडे त्याच दिवसांत वादळे कशी येतात?

आपला पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा असतो. हिमालयाच्या पश्चिम भागातील हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारी ही कमी दाबाची क्षेत्रे उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून पर्वतरांगांना येऊन भिडतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य काळ असतो. वाटेत त्यांना भूमध्य आणि कॅस्पियन समुद्रांबरोबरच अरबी समुद्रातूनही बाष्प मिळते. म्हणजे गुलमर्गच्या झाडांवर साचलेल्या बर्फात थोडे पाणी हर्णैसमोरच्या समुद्राचेही असू शकते. हे समजल्यापासून तिकडचा बर्फ मला परका वाटेनासा झाला आहे.

साधी बर्फवृष्टी आणि हिमवादळ यांत फरक काय?

फरक वाऱ्याचा आणि दृश्यमानतेचा आहे. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या व्याख्येनुसार ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा असला, उडत्या बर्फामुळे सुमारे ४०० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले आणि ही स्थिती किमान ३ तास टिकली, तर त्याला ‘ब्लिझर्ड’ म्हणतात. मनाली किंवा गुलमर्गच्या वस्तीत पर्यटकाला बहुतेक वेळा जोरदार बर्फवृष्टीच भेटते. खरे हिमवादळ खिंडींत आणि उघड्या माथ्यांवर होते, आणि तेथे हौशी माणसाने जाऊ नये असेच माझे मत आहे.

बर्फाचे प्रमाण समजण्यासाठी आपल्या पावसाचे माप उपयोगी पडते. ढोबळमानाने १ सेंटिमीटर पाण्याचा १० सेंटिमीटर बर्फ होतो, आणि बर्फ कोरडा असेल तर त्याहूनही जास्त. कोकणात आषाढात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. तेवढेच पाणी बर्फ होऊन पडले असते, तर खळ्यात १ मीटरचा थर साचला असता.

कुठे आणि केव्हा जावे?

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. सर्वांत कडक थंडी पहिल्या चाळीस दिवसांत असते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असल्याने तेथे या काळात पाऊस न पडता बर्फच पडण्याची शक्यता मोठी असते. मनाली शहराची उंची सुमारे २,०५० मीटर आहे आणि शिमल्याचीही जवळपास तेवढीच. तेथे तापमान शून्याच्या आसपास रेंगाळले की पाऊस, चिखल आणि ओला बर्फ यांची सरमिसळ होते, आणि केवळ बर्फासाठी गेलेल्यांची निराशा होते. मनालीहून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला गेल्यास सुमारे ३,१०० मीटर उंची मिळते, परंतु जोरदार हिमवृष्टीत हा रस्ता पर्यटकांसाठी बंद करतात.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा मी टाळतो. रस्ते तुंबलेले असतात, मुक्काम महाग पडतो आणि फोटोत बर्फापेक्षा माणसेच अधिक येतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मला अधिक आवडतात.

प्रवासाचे म्हणाल तर रत्नागिरीला थांबणारी मंगला एक्स्प्रेस दिल्लीला नेते आणि तेथून पुढे जम्मू-कटरा किंवा चंडीगडची गाडी मिळते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला तरी काश्मीर खोऱ्यात पोहोचण्याचा आणखी एक मार्ग हाताशी आला आहे.

हवामानाच्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा?

मासेमारीला जाणारा माणूस जितका ठेवतो तितका. भारतीय हवामान खात्याच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांची आपल्याला सवय आहे. तेच रंग तिकडेही असतात. येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाची चाहूल साधारण चार-पाच दिवस आधी लागते, पण नेमक्या कोणत्या गावात किती बर्फ पडेल हे आदल्या दिवशीही निश्चित नसते.

माझा आग्रह एवढाच आहे की, विक्षोभ पोहोचण्यापूर्वी आपण मुक्कामाला पोहोचलेले असावे आणि तो सरेपर्यंत तेथून हलू नये. वादळाच्या दिवशी प्रवास करणे म्हणजे बावटा लागलेला असताना होडी लोटणे होय. बर्फाचा पाठलाग करत आज या गावी, उद्या त्या गावी धावणाऱ्यांचा बहुतेक वेळ गाडीतच जातो, आणि एका जागी बसून राहणाऱ्याला वादळाची सुरुवात, मध्य आणि शेवट हे तिन्ही पाहायला मिळतात. परतीच्या तिकिटाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण बर्फात विमाने रद्द होतात आणि रामबन-बनिहाल टप्प्यात महामार्ग बंद पडतो. दुसऱ्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गटात एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक असावा.

सोबत काय न्यावे?

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आगोट करतात, तशीच ही तयारी समजावी. विशेष म्हणजे काश्मीरमध्येही हिवाळ्यापूर्वी वांगी, दुधी, टोमॅटो वाळवून ठेवतात आणि त्या वाळवणाला ‘होख स्यून’ म्हणतात. सुक्या मासळीवर आणि वाळवणांवर पावसाळा काढणाऱ्या आपल्या माणसांना यामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र आपल्या सवयी मोडाव्या लागतात. कोकणात आपण वर्षभर सुती कपडे वापरतो, पण सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवते आणि ओले झाले की अंगातील ऊब शोषून घेते. अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर ऊब धरणारा जाड थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट असे तीन थर असावेत. हातांत पातळ मोज्यांवर जाड मोजे घालावेत, म्हणजे कॅमेऱ्याची बटणे दाबताना फक्त वरचे मोजे काढावे लागतात. मनाली आणि गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्गच्या बाजारात गमबूट व कोट भाड्याने मिळतात. एकाच सहलीसाठी ते विकत घेण्याची गरज नाही.

थंडीचा अंदाज केवळ पाऱ्यावरून बांधू नये. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० अंशांसारखी जाणवते. दापोलीत पारा १० अंशांवर आला की शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

वादळात नेमके काय अनुभवायला मिळते?

ज्याचा जन्म कौलांवर आणि पत्र्यांवर कोसळणारा पाऊस ऐकण्यात गेला आहे, त्याला सर्वांत आधी जाणवते ती शांतता. ताज्या बर्फाच्या थरात कणांच्या मध्ये पुष्कळ हवा अडकलेली असते आणि हा सच्छिद्र थर आवाज शोषून घेतो. वीस पावलांवरून जाणाऱ्या घोड्याच्या टापा ऐकू येत नाहीत. कितीतरी बर्फ पडत असतो आणि पागोळ्यांचा आवाज नसतो, ही गोष्ट पहिल्या रात्री मला झोप लागू देत नव्हती.

वारा उठला की सारे बदलते. देवदारांच्या रानातून येणारा आवाज हुबेहूब समुद्राच्या गाजेसारखा असतो, आणि डोळे मिटले तर आपण आंजर्ल्याच्या पुळणीवर उभे आहोत असे वाटते. बर्फ वरून खाली न पडता आडवा वाहू लागतो. जमीन आणि आभाळ एकाच रंगाचे झाल्याने क्षितिज नाहीसे होते आणि उंच-सखल कळत नाही. ओळखीच्या वाटेवरही माणूस दिशा हरवतो. अशा वेळी घराची भिंत किंवा कुंपण नजरेआड होऊ देऊ नये.

रात्रीचा उजेड हेही एक आश्चर्य आहे. जमिनीवरचा बर्फ आणि खाली उतरलेले ढग दिव्यांचा प्रकाश एकमेकांकडे परतवत राहतात, त्यामुळे अमावास्येलाही सारा गाव फिकट नारिंगी उजेडात दिसतो. लाकडी घराच्या सज्जात घोंगडी पांघरून बसावे आणि हे पाहावे. पडवीत बसून पाऊस पाहण्याची आपली सवय येथे फार उपयोगी पडते.

फोटोत बर्फ मळकट, करडा का येतो?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. सारे दृश्य पांढरे असले की त्याला उजेड फार झाला असे वाटते आणि तो फोटो काळवंडून टाकतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय) अधिक १ ते अधिक १.७ पर्यंत वाढवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहावा. आलेख उजवीकडे सरकलेला असावा, पण कडेला आदळलेला नसावा. बर्फ पडत असताना उजेड सपाट असतो, तेव्हा अधिक १ बहुधा पुरते. वादळानंतर ऊन पडले की कॅमेरा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

रंगाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. सावलीतला बर्फ निळसर दिसतो, कारण त्यावर निळ्या आभाळाचा उजेड पडतो, आणि अनेक जण तो निळेपणा पूर्ण घालवतात. मी थोडा ठेवतो, कारण थंडी फोटोत येते ती त्याच छटेतून. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात फोटो काढल्यास हा निर्णय घरी आल्यावर सावकाश घेता येतो.

पडणारा बर्फ फोटोत दिसतच नाही. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि याचे उत्तर पार्श्वभूमीत आहे. पांढऱ्या आभाळासमोर पांढरे कण दिसणार नाहीत. देवदाराचे रान, लाकडी घराची काळपट भिंत, उघडे दार, फेरन (काश्मिरी पायघोळ अंगरखा) घातलेला माणूस असे काहीतरी गडद कणांच्या मागे असले पाहिजे. पावसाच्या सरी टिपताना आपण माडांच्या किंवा कातळाच्या गडद रंगासमोर उभे राहतो, तीच युक्ती येथे लागू पडते.

त्यानंतर शटरस्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते याचा विचार करावा. वारा कमी असेल तर १/२५० सेकंदाला कण ठिपक्यांसारखे थांबतात, आणि वादळी वाऱ्यात १/५०० किंवा १/१००० लागतो. १/३० ते १/६० ठेवल्यास कणांच्या रेघा उमटतात आणि वाऱ्याची दिशा दिसते. वादळ म्हणून जे काही असते, ते मला या रेघांत जास्त सापडते. थांबलेल्या ठिपक्यांचा फोटो सुंदर असला तरी तो शांत वाटतो. ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सने दूरवरचे आणि जवळचे कण एका चौकटीत दाटतात, त्यामुळे बर्फवृष्टी घनदाट दिसते. ऑटोफोकस जवळच्या कणांवर अडकत असेल तर हाताने फोकस करावा. फ्लॅश लावल्यास कॅमेऱ्याजवळचे कण मोठ्या पांढऱ्या गोळ्यांसारखे उजळतात. एखाद-दुसऱ्या फोटोत ते शोभते, प्रत्येक फोटोत नाही.

दृश्यात एखादा रंग हवा. पेटलेली खिडकी, लाल छत्री, दल सरोवरातील शिकारा होडीचे पिवळे छत, एवढेही पुरते.

एकेका हिमकणाचा फोटो काढता येतो का?

येतो, आणि तो पहिल्या पिढीत काढणारा माणूस एक शेतकरी होता, याचे मला फार अप्रूप आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावी विल्सन बेंटली यांनी कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि १९३१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ५,००० हून अधिक स्फटिक टिपले. पुढे जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक तयार केले आणि तापमान व आर्द्रता बदलली की स्फटिकाचा आकार बदलतो हे दाखवले. नक्षीदार, फांद्या फुटलेले स्फटिक उणे १५ अंशांच्या आसपास तयार होतात, तर उणे ५ अंशांजवळ सुया आणि छोटे स्तंभ होतात.

गडद रंगाचा लोकरी कपडा बाहेर गार होऊ द्यावा, त्यावर कण पडू द्यावेत आणि मॅक्रो लेन्सने किंवा मोबाइलला लावायच्या छोट्या भिंगाने टिपावे. श्वास रोखून धरावा, कारण एका उच्छ्वासात स्फटिक विरघळतो.

कॅमेरा बर्फात खराब होतो का?

उणे तापमानातला कोरडा बर्फ झटकला की निघून जातो. त्याला मऊ कुंचल्याने झटकावे, कापडाने पुसू नये, आणि लेन्सवर तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातील बाष्प काचेवर गोठते. शून्याजवळचा ओला बर्फ मात्र आपल्या पावसाइतकाच घातक असतो. त्यासाठी पावसाळी आवरण वापरावे, ते नसल्यास साधी प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधावी.

खरे नुकसान आत आल्यावर होते. थंडगार कोकम सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच गार कॅमेऱ्याला उबदार खोलीत सुटते, आणि ते भिंगांच्या आतही जमते. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी बर्फातून येऊन कॅमेरा थेट बुखारीच्या (खोली गरम करण्याच्या शेगडीच्या) शेजारी ठेवला. सकाळी वादळ सरून लख्ख ऊन पडले होते, आणि माझ्या लेन्सच्या आत धुके होते. ती सकाळ पुन्हा मिळाली नाही. तेव्हापासून दाराबाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालतो आणि आत आल्यावर दोन तास पिशवी उघडत नाही. मेमरी कार्ड आणि बॅटरी त्याआधीच काढून घेतो.

थंडीत बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते. जास्तीच्या दोन बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवाव्यात. संपलेली वाटणारी बॅटरी गरम झाल्यावर पुन्हा थोडी चालते.

केवळ मोबाइल असेल तर?

पुरेसा आहे. पडद्यावर बर्फाला स्पर्श करून उजेडाची पट्टी वर सरकवावी. रात्रीचा मोड कण पुसून टाकतो, म्हणून तो बंद ठेवावा. संथगती चित्रफितीत हिमकण फारच छान दिसतात.

कोणते धोके खरोखर गंभीर आहेत?

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक मृत्युमुखी पडले. बर्फ पाहायलाच आलेली कुटुंबे होती ती. साचलेल्या बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले आणि इंजिन चालू राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोप लागल्यासारखे वाटते. गाडी अडकलीच तर आधी सायलेन्सर मोकळा करावा, तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवावे, खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. बंद खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी टोपली) ठेवून झोपणेही याच कारणाने धोक्याचे आहे.

हिमस्खलन प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते, आणि जोरदार बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. नेमके तेव्हाच ऊन पडते आणि फोटोसाठी उतारावर जाण्याचा मोह होतो. संरक्षण संशोधन संस्थेच्या डीजीआरई या विभागाकडून हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. ते पाहावेत, आणि त्याहीपेक्षा गावकरी जिकडे जात नाहीत तिकडे जाऊ नये.

उतरत्या पत्र्याच्या छपराखाली उभे राहून फोटो काढू नयेत. ऊन पडले की छपरावरचा सारा बर्फ एकाच वेळी घसरतो.

लहान मुले आणि वडीलधारी मंडळी यांना न्यावे का?

मनाली, श्रीनगर किंवा गुलमर्गच्या वस्तीपर्यंत अवश्य न्यावे. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा जवळपास ४,००० मीटर उंचीपर्यंत जातो. समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत तेथे पोहोचलेल्या माणसाला डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. मुलांना काळा चष्मा घालावाच. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, आणि त्यामुळे डोळ्यांना इजा होते.

स्थानिक लोकांचे फोटो काढताना काय पाळावे?

विचारून काढावेत. आपल्याला ज्याचे कौतुक वाटते, तो बर्फ त्यांच्यासाठी छपरावरून उपसायचे ओझे असतो, गुरांच्या वैरणीची चिंता असतो. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, उन्मळलेल्या माड-पोफळींच्या बागांत उभ्या असलेल्या माणसांवर बाहेरचे कॅमेरे रोखले गेले, तेव्हा आपल्याला कसे वाटले होते ते आठवावे. मी आधी चहा घेतो, फावडे दिले तर थोडा बर्फ उपसतो, आणि कॅमेरा नंतर काढतो. लष्करी चौक्या, पूल आणि जवान यांचे फोटो घेऊ नयेत.

ड्रोन नेता येईल का?

परवानगी असल्याशिवाय नेऊ नये. गुलमर्ग नियंत्रण रेषेजवळ आहे. शिवाय बर्फात पंख्यांवर थर जमून यंत्र कोसळते.

घरी परतल्यावर कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी?

बॅग, पट्टे आणि लोकरी कपड्यांत बरेच पाणी मुरलेले असते. ते तसेच कपाटात गेले, तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत पहिल्या पावसापर्यंत लेन्सला बुरशी धरते. घरी आल्यावर बॅग रिकामी करून फेब्रुवारीच्या उन्हात चार-पाच दिवस खळ्यात टाकावी, कॅमेरा सावलीत वाऱ्यावर ठेवावा आणि मगच लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. मृगाच्या आधी त्या पुड्या एकदा बदलाव्यात.